मैत्रीचा धडा कोणी गिरवायचा?

आमच्या धर्मग्रामात रविवारची मिस्सा झाल्यावर धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. तेथे मी बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बारा वर्षांचा एक मुलगा होता. पश्चिम रेल्वेचे वेळापत्रक त्याला मुखोद्गत होते. विरारहून कोणती गाडी केव्हा सुटते, वसई रोडला ती किती वाजता पोहोचते, हे तो भेटेल त्याला सांगू लागे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा मात्र त्याला दिसत नसे. मधल्या वेळात इतर मुले चर्चच्या पटांगणात खेळत, तेव्हा हा फाटकाशी उभा असे. स्वमग्नतेचे निदान डॉक्टरांनी पूर्वीच केलेले होते. त्याची आई एकदा मला म्हणाली, ‘‘सर, अभ्यासाचं काय व्हायचं ते होईल. पण ह्याला एक तरी मित्र मिळू द्या.’’

मी ते मनावर घेतले आणि शिक्षक जे करतो तेच केले. नियम घालून दिले. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहा. हसून बोल. उगाच हात हलवू नकोस. गाड्यांचे नाव काढू नकोस. मुलगा आज्ञाधारक होता, त्याने सारे निमूटपणे पाळले. चार महिन्यांनी एका रविवारी वर्ग सुटल्यावर तो मागे थांबला आणि म्हणाला, ‘‘सर, आज मी गाड्यांचं एकदाही बोललो नाही. कुणाशीच काही बोललो नाही. आज मी चांगला वागलो ना?’’

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलाला मैत्री करायला शिकवणे आणि मुलाला स्वतःला लपवायला शिकवणे, या दोहोंमधली सीमारेषा कोणती? ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांहून वेगळी आहे, मग ती स्वमग्नता असो, अतिचंचलता असो वा अध्ययनातील अडचण असो, अशा मुलांच्या घरी हा प्रश्न रोज उभा राहतो. किंबहुना ज्यांच्या घरी तो उभा राहत नाही, त्यांनीच त्याचा अधिक विचार करावयास हवा, असे मला आता वाटू लागले आहे.

आधी नावाचाच विचार करू. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. दोघांनीही जो शब्द योजला त्याच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीत आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. या नावातच एक निवाडा दडलेला आहे: हे मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला इतरांची गरज नाही. परंतु अशी मुले मोठी होऊन स्वतः लिहू-बोलू लागली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले की, आम्हांला मित्र हवे होते. दार कोठून उघडते ते मात्र कळत नव्हते. फाटकाशी उभे राहणारे मूल आत यायला नाखूष असते असे आपण गृहीत धरतो, कारण तसे धरणे आपल्या सोयीचे असते.

या सोयीचा शेवट कोठवर जाऊ शकतो याचे एक भीषण उदाहरण इतिहासात आहे. आस्पर्गर यांच्याकडे दीर्घकाळ या मुलांचे कैवारी म्हणून पाहिले जाई. २०१८ साली इतिहाससंशोधक हेरविग चेख यांनी जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की, नाझी राजवटीत काही बालकांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या व्हिएन्नातील संस्थेत पाठविण्याची शिफारस आस्पर्गर यांनी केली होती. त्या संस्थेत शेकडो अपंग आणि आजारी मुले ठार मारण्यात आली. समाजाला उपयोग किती, या एकाच मापाने माणूस मोजू लागले की हिशेब असा भलतीकडे जातो. म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की असावी: मिसळता येणे हे एक कौशल्य आहे, ती माणसाची किंमत नव्हे.

मग काहीच शिकवू नये काय? ‘तो आहे तसाच राहू द्या’ हे वाक्य ऐकायला प्रेमळ वाटते. पण त्याचा अर्थ पुष्कळदा ‘तो फाटकाशीच राहू द्या’ असा होतो. आठ वर्षांच्या मुलांची मैत्री म्हणजे एकत्र खेळणे. चेंडू हाती असला की पुरे. बाराव्या-तेराव्या वर्षी मात्र खेळाची जागा बोलणे घेते. थट्टा, सूचक शब्द, आपापसातली गुपिते, हल्ली मोबाईलवरचे गट, या साऱ्यांचे नियम कोठेही लिहिलेले नसतात. बहुतेक मुले ते हवेतून टिपतात. काहींना ते सांगावे लागतात. आपली मातृभाषा आपण व्याकरणावाचून बोलतो. परप्रांतातून आलेल्याला मात्र व्याकरण शिकावे लागते. त्यात त्याचा कमीपणा काही नाही, आणि त्याला ते नाकारण्यात आपला मोठेपणाही नाही.

असे व्याकरण शिकविण्याचे प्रयत्न झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील केंद्रात एलिझाबेथ लॉगसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांसाठी ‘पीअर्स’ नावाचा अभ्यासक्रम तयार केला. मुलांचा वर्ग चालू असताना पालकांचाही वर्ग वेगळा भरतो. चार जण बोलत असतील तर त्यांच्यात कसे शिरावे, हे तेथे पायरीपायरीने सांगतात: आधी थोडे दुरून ऐकावे, विषय ओळखावा, बोलण्यात खंड पडेपर्यंत थांबावे, मग त्याच विषयावर एखादे वाक्य बोलावे, आणि त्यांनी सामावून घेतले नाही, तर मनाला लावून न घेता बाजूला व्हावे. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोठ्या माणसांना जे योग्य वाटते ते तेथे शिकवीत नाहीत. ज्या मुलांना मित्र आहेत ती प्रत्यक्षात काय करतात, ते शिकवितात. कुणी चिडवले तर ‘दुर्लक्ष कर’ असे आपण सांगतो. पण मुलांच्या जगात गप्प राहणाऱ्याला अधिकच चिडवतात. म्हणून तेथे एखादे छोटे, बेफिकीर उत्तर देऊन निघून जाण्याचा सराव करून घेतात.

तथापि शिकवण्याची दुसरी बाजूही आता पुढे आली आहे. २०१७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी स्वमग्न प्रौढांना, इतरांसारखे दिसण्यासाठी तुम्ही काय करता, असे विचारले. हसू ओढून आणणे, वाक्ये आधी पाठ करणे, दुसऱ्याच्या हावभावांची नक्कल करणे, अशी उत्तरे मिळाली. त्याचे मोल म्हणून अनेकांनी पराकोटीचा थकवा सांगितला, आणि आपण नेमके कोण आहोत हेच कळेनासे झाल्याचेही सांगितले. माझ्या चार नियमांनी मी त्या मुलाला याच वाटेला लावले होते.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली. कोणतीही गोष्ट शिकविण्यापूर्वी विचारावे: हे शिकल्याने मूल इतरांना अधिक कळेल, की अधिक लपेल? ही कसोटी लावली की पुष्कळ गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नये. काहींना डोळ्यांत पाहिले की ऐकूच येईनासे होते. त्याऐवजी ‘मी खाली बघत असलो तरी ऐकतोय’ हे वाक्य शिकवावे. त्याने तो अधिक कळतो. हात हलवण्याने कुणाचे काही बिघडत नाही; ते सोडून द्यावे. आपले बोलून झाल्यावर ‘आणि तुला काय आवडतं?’ असे विचारणे अवश्य शिकवावे, कारण त्यात दुसऱ्याचा आदर आहे. हसणारा आपल्याबरोबर हसतो आहे की आपल्याला हसतो आहे, हे ओळखायला शिकवावे, कारण त्यात मुलाचे संरक्षण आहे. आणि आवडत्या विषयावर बंदी तर मुळीच घालू नये. तो विषय कोणापाशी काढावा आणि कोठे थांबावा, एवढेच दाखवावे. ज्या विषयाने मुलाचे डोळे चमकतात तोच विषय काढून घेतला, तर मैत्री करायला त्याच्याजवळ उरते काय?

परंतु एवढ्याने धडा अर्धाच होतो. २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न पुढे मांडला. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणतात. पण इतरांना तरी त्याचे मन कोठे कळते? मग दोष एकाचाच कसा? पुढे २०२० साली एका अभ्यासात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी आठ-आठ जणांच्या साखळीतून गोष्ट सांगण्यात आली. केवळ स्वमग्न माणसांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच नीट चालली. मिश्र साखळीत मात्र मजकूर अधिक गळला. २०२५ साली याहून मोठा अभ्यास झाला, त्यात मिश्र साखळीही तितकीच नीट चालल्याचे आढळले. म्हणजे मिश्र साखळीबद्दलचा निष्कर्ष बदलला. पण स्वमग्न माणसे आपसांत संवाद करायला कमी पडत नाहीत, हे दोन्ही वेळा दिसले. गैरसमज दोघांचा असतो. शिकवणी मात्र आपण एकालाच लावतो.

येथे कुणी म्हणेल की, इतर मुलांवर मैत्रीची सक्ती कशी करणार? हा आक्षेप रास्त आहे. सक्तीची मैत्री ही मैत्री नव्हेच. ‘आजपासून तू ह्याच्याकडे लक्ष ठेव’ असे सांगून वर्गातल्या गुणी मुलीला नेमणे, ही त्या दोघांचीही फसवणूक असते. तिला पुण्य लाभेल, त्याला राखणदार मिळेल. मित्र कुणालाच मिळणार नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीवर दोन प्रकरणे खर्च केली आहेत. मैत्रीत सदिच्छा दोन्हीकडून हवी, आणि बरोबर मीठ खाण्याइतका काळ गेल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, असा त्याचा अभिप्राय आहे. मोठ्यांना मैत्री देता येत नाही हे खरे. पण बरोबर मीठ खाण्याचे प्रसंग देता येतात.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांना याचा एक मार्ग योगायोगाने सापडला. उपचारासाठी येणारी दोन मुले प्रतीक्षागृहात आपापली लेगोची खेळणी घेऊन एकमेकांशी रंगून बोलताना त्यांना दिसली. २००४ साली त्यांनी या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक मूल अभियंता होऊन नकाशा वाचते, दुसरे ठोकळे पुरवते, तिसरे ते जोडते. मग भूमिका बदलतात. एकमेकांशी बोलल्याशिवाय वस्तू उभीच राहत नाही. ‘बोला’ असे मुलांना सांगावे लागत नाही. काम बोलते करते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या आळीतला नाताळचा गोठा आठवला. आपल्या मुलांच्या हाती हे साधन पिढ्यान्‌पिढ्या आहे! त्या डिसेंबरात मी त्या मुलाला गोठा बांधणाऱ्यांत नेले. मात्र या वेळी नियम सांगितले ते इतर मुलांना. त्याच्या आईबापांची आणि त्याचीही संमती घेऊन मी त्यांना म्हणालो, ‘‘त्याला आडून सांगू नका, सरळ सांगा. कंटाळा आला तर ‘आता पुरे’ म्हणा. तो रागावणार नाही. आणि गाणी मोठ्याने लावू नका, त्याला त्रास होतो.’’ कुणी बांबू बांधत होता, कुणी कागदाचे डोंगर रंगवीत होता. याच्याकडे दिव्यांच्या माळा आल्या. तिसऱ्या संध्याकाळी एका मुलाने सुचवले की, ह्याला आवडते तर डोंगरामागून एक आगगाडी नेऊ या. त्यावर हा गंभीरपणे म्हणाला, ‘‘चालणार नाही. आपल्याकडे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे धावली. येशूच्या जन्माच्या वेळी गाडी नव्हती.’’ क्षणभर शांतता पसरली आणि मग सगळे खो खो हसले. तोही हसला. त्या हसण्याच्या बाहेर कुणी उभे नव्हते.

यातून चमत्कार काही घडला नाही. डझनभर मित्र झाले नाहीत. दोन मुले त्याच्याशी बोलू लागली, आणि त्यांतला एक टिकला. पण आईने तरी एकच मागितला होता.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची दखल घेतो. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. कायद्याने शाळेचे दार उघडेल. डबा खाताना शेजारी कोण बसेल, हे कायदा ठरवू शकत नाही; ते आपल्या घरांत ठरते. वाढदिवसाला कुणाला बोलवायचे हे ठरवताना, ‘तो जरा विचित्र आहे’ या मुलाच्या वाक्यावर आईबाप काय बोलतात, येथे ते ठरते. बोलवायचे तर पन्नासांच्या गोंगाटात नको. दोघा-तिघांत, आवडत्या कामासाठी, सुरुवात आणि शेवट आधी सांगून बोलवावे.

मार्काच्या शुभवर्तमानात पक्षघाती माणसाला खाटेवर घालून आणणाऱ्या चौघांची हकिगत आहे. दारात गर्दी होती. ‘आधी चालायला शिक, मग आत ये’ असे त्या चौघांनी त्याला सांगितले नाही. त्यांनी घराचे छप्पर उकलले. आत येण्यासाठी तेथे बदलले ते आधी घर.

तो मुलगा आता महाविद्यालयात जातो. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मी उशिरा का होईना दिले. म्हटले, ‘‘त्या दिवशी तू चांगला नव्हे, एकटा वागलास, आणि चूक माझी होती.’’ त्याने जरा विचार केला आणि, माझ्याकडे न पाहता, म्हणाला, ‘‘ठीक आहे सर. तुम्हांला तेव्हा माहीत नव्हतं.’’ मग मला घरी जायला कोणती गाडी बरी पडेल, ते त्याने सांगितले. मी शेवटपर्यंत ऐकले.