दिलेला शब्द आणि आलेले बोलावणे

कोल्हापूरच्या कळंबा रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथून फिटर, टर्नर, वेल्डर होऊन बाहेर पडणारी मुले गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल येथील औद्योगिक वसाहतींत काम शोधतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज दिले जातात. एका फाउंड्रीत नेमणूक होते, मुलगा रुजू होतो आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या कारखान्यातून मुलाखतीचा फोन येतो. घरचे म्हणतात, "जाऊन तर ये." मन सुचवते, "ताप आला म्हणून कळवू." अशा वेळी श्रद्धावंताने काय करावे?

मुलाखतीचे बोलावणे येणे हा अपराध नाही. अधिक चांगली रोजी शोधणे हाही नाही. सूरह जुमुआमध्ये नमाजनंतर जमिनीवर पांगून अल्लाहची कृपा शोधण्यास सांगितले आहे. देशाचा कायदाही माणसाला एका मालकाशी कायमचा बांधून ठेवत नाही. नोकरी सोडल्यानंतर अन्यत्र काम करण्यास मनाई करणारी अट 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 27 सामान्यतः रद्दबातल ठरवते. मात्र कायद्याने मोकळा असलेला माणूस अल्लाहपाशीही मोकळा असतोच असे नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये (17:34) बजावले आहे की, दिलेल्या वचनाविषयी जाब विचारला जाईल.

या बाबतीत हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांचा मदयनमधील प्रसंग मार्गदर्शक आहे. ते तेथे परागंदा होऊन, रिकाम्या हाताने पोहोचले होते. वृद्ध गृहस्थांच्या कन्येने त्यांना कामावर ठेवण्याची शिफारस करताना दोन गुण सांगितले : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. मग मुदत ठरली. आठ वर्षे बंधनकारक, दहा पूर्ण केल्यास तो त्यांचा चांगुलपणा. आणि या करारावर अल्लाहला साक्षी ठेवले गेले (सूरह कसस, 28:26-28). हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार मूसांनी दीर्घ मुदतच पूर्ण केली. येथे किती देणे लागतो आणि किती स्वेच्छेचे, हे आधीच स्पष्ट झाले होते. आपल्या नेमणूकपत्रातील मुदत आणि पूर्वसूचनेचा काळ ही आपली 'आठ वर्षे' होत. ती न वाचता सही करणे आणि वाचूनही विसरणे, दोन्ही श्रद्धावंताला शोभत नाही.

म्हणून दोष बोलावण्यात नाही, दोन्हीकडे आशा लावून गप्प राहण्यात आहे. जायचे नसेल, तर त्याच दिवशी नम्रपणे नकार कळवावा. आपण अडवलेली जागा आपल्यासारख्याच एखाद्या बेरोजगार भावाची असू शकते. केवळ पगारवाढीचा दबाव आणण्यासाठी मुलाखत देणे ही त्या भावाचीही फसवणूक आहे. खरोखर विचार करायचा असेल, तर इस्तिखाराची नमाज अदा करावी, जाणत्यांचा सल्ला घ्यावा, खोट्या आजाराऐवजी रीतसर रजा घ्यावी. मुलाखतीत सांगावे : मी सध्या कामावर आहे, पूर्वसूचनेचा काळ पूर्ण केल्याशिवाय येऊ शकणार नाही. हे ऐकून ज्याने नाकारले, त्याच्याकडील काही हजारांसाठी खोटे बोलावे लागले असते. बोलताना खोटे, वचन दिल्यावर भंग आणि अमानतीत खयानत, या तीन खुणा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दांभिकाच्या सांगितल्या आहेत, तापाच्या एका बहाण्यात तिन्ही एकत्र येऊ शकतात.

करार दुहेरी असतो, हेही मालकांनी विसरू नये. काम पूर्ण करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असे हदीसमध्ये आले आहे. ठरलेला पगार थकवणाऱ्या मालकाने कामगाराच्या बेइमानीची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? त्याने करार मोडल्यावर स्पष्ट सांगून निघून जाणे ही खयानत नव्हे.

रिज्क देणारा अल्लाह आहे. कोणत्या फाउंड्रीच्या दारातून ते येईल, हे आपल्या हाती नाही. कोणत्या तोंडाने त्या दारात उभे राहायचे, हे मात्र आहे. अल्लाह आपणा सर्वांस शब्द पाळण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.