गंधाचा माग आणि उद्धरणांचा हिशेब

संशोधकाच्या कामाचा प्रभाव ठरवताना निवड समित्यांसमोर आज प्रामुख्याने दोन आकडे ठेवले जातात. पहिला त्याचे निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे त्या नियतकालिकातील मागील दोन वर्षांच्या लेखांचा चालू वर्षात सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला ते प्रमाण. दुसरा जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलेला ‘एच निर्देशांक’, ज्यात किमान वीस उद्धरणे मिळालेले वीस निबंध नावावर असले की संशोधकाचा निर्देशांक वीस ठरतो. हे आकडे काहीच सांगत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि जनुके आणि प्रथिने यांच्या पातळीवर मेंदूचा व्यवहार उलगडू पाहणाऱ्या रेण्वीय चेताविज्ञानासारख्या शाखेत, जिथे प्रश्न आधी सुचतो आणि त्याचे उत्तर देणारी साधने दहा-वीस वर्षांनी हाती येतात, तिथे ते जे सांगतात ते बहुधा अवेळी सांगतात. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्या संशोधनाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

गोव्यातून केनियात स्थलांतरित झालेल्या कुटुंबात 1953 मध्ये जन्मलेल्या रॉड्रिग्ज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबैद सिद्दिकी यांच्याकडे, संशोधनासाठी आल्या. जिवाणूंच्या जनुकशास्त्रात नाव मिळवलेले सिद्दिकी तोवर फळमाशीकडे वळले होते. एकेक जनुक बिघडवून माशीच्या वागण्यात नेमके काय बिघडते ते पाहायचे, ही सीमोर बेंझर यांनी रुजवलेली पद्धत गंध आणि चव यांना लावण्याचे काम मुंबईत सुरू झाले. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारे हे चिलट जनुकशास्त्राच्या फार उपयोगाचे, कारण त्याची पिढी दहाबारा दिवसांत तयार होते आणि त्याची हजारोंनी पैदास करण्यास खर्चही फारसा येत नाही.

या दोघांचा ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस’मध्ये 1978 साली छापलेला निबंध आजही वाचनीय आहे. त्यातील मुख्य उपकरण म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी. तिच्या एका फाट्यातून गंधयुक्त आणि दुसऱ्यातून गंधहीन हवा सोडायची, खालून माश्या आत घ्यायच्या आणि कोणत्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचे, एवढीच ती रचना. रसायन देऊन ज्यांच्या एक्स गुणसूत्रात उत्परिवर्तन, म्हणजे जनुकाच्या मजकुरात बदल, घडवलेला आहे अशा माश्यांच्या वाणांतून या चाचणीने गंधाला चुकणारे वाण वेगळे काढण्यात आले. त्यांतील काहींना कडू बदामाचा वास असणारे बेंझाल्डिहाइड जाणवत नव्हते, पण ॲसिटेट वर्गातील रसायनांचा गंध मात्र ठीक जाणवत होता. दोष गंधागणिक वेगळा असेल, तर नाकातील यंत्रणाही गंधागणिक वेगळी असली पाहिजे, हे अनुमान त्यातून निघत होते. गंध टिपणाऱ्या ग्राही प्रथिनांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना उंदरात सापडली ती 1991 मध्ये, आणि फळमाशीतील तशी जनुके उजेडात आली ती 1999 मध्ये. म्हणजे दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या मोजमापाला हा निबंध दिसण्याची शक्यताच नव्हती. त्यातून तो भारतीय नियतकालिकात छापलेला.

मात्र त्या निबंधाला द्रष्टेपणाचे प्रमाणपत्र देऊन थांबणेही बरोबर नाही. त्या वाणांतील दोष थेट गंधग्राहींत असतील अशी जी अपेक्षा होती, ती तशी खरी ठरली नाही. ‘ऑल्फ-डी’ हे नाव मिळालेला दोष पुढे एका सोडियम वाहिनीच्या जनुकात निघाला. ही वाहिनी म्हणजे चेतापेशीत विद्युतसंदेश उठवणारे, आवरणातील प्रथिनाचे दार. गंधाशी तिचे खास नाते नाही, साऱ्या चेतासंस्थेचे काम तिच्यावर चालते. मग तिच्यातील बिघाडाने वासावरच एवढा परिणाम का व्हावा, हा नवा आणि अधिक अवघड प्रश्न त्यातून उभा राहिला. सिद्दिकी आणि बेंझर यांनी 1976 मध्ये वर्णन केलेल्या ‘कोमाटोज’ वाणाची कथाही अशीच आहे. तापमान वाढताच लुळी पडणारी आणि गारव्यात सावकाश सावरणारी ही माशी जवळजवळ दोन दशके एक चमत्कारिक नमुना म्हणून राहिली. 1995 मध्ये तिचे जनुक हाती आले तेव्हा ते एनएसएफ या प्रथिनाचे असल्याचे कळले, आणि रासायनिक संदेशाच्या पुटिका चेतापेशीच्या टोकाशी पुन्हा पुन्हा रित्या होण्यासाठी जी यंत्रणा लागते तिच्याशी या माशीचा संबंध जुळला. समर्थनार्थ दिलेले उद्धरण आणि दुरुस्तीसाठी दिलेले उद्धरण यांत मोजणीचे यंत्र फरक करत नाही, वाचणारा करतो.

रॉड्रिग्ज यांच्या पुढील कामात प्रश्न एकच राहून पद्धती बदलत गेलेल्या दिसतात, आणि त्यांच्या लेखनाचे खरे मोल या सातत्यात आहे. जर्मनीत एरिख बुखनर यांच्यासोबत 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी किरणोत्सारी साखर वापरली. काम करणारी चेतापेशी साखर अधिक ओढून घेते, म्हणून माशीला गंध देऊन मेंदूचे काप तपासले की कोणता भाग जागा झाला ते उमटते. शृंगिकांकडून, म्हणजे माशीच्या गंध टिपणाऱ्या मिशांकडून, येणारे तंतू मेंदूच्या ज्या भागात, म्हणजे गंधखंडात, पोचतात तिथे ग्लोमेरुलस म्हणवल्या जाणाऱ्या सुमारे 50 गाठी असतात, आणि वेगवेगळे गंध त्यांतील वेगवेगळ्या गाठी जाग्या करतात, हे चित्र त्यातून आणि 1988 च्या निबंधातून पुढे आले. नव्वदच्या दशकात त्यांनी प्रश्न आणखी मागे नेला: ही रचना मुळात घडते कशी? गंध टिपणारे सूक्ष्म केस तीन प्रकारचे असतात. त्यांतील एका प्रकाराला ‘अटोनल’ जनुक लागते आणि इतरांच्या घडणीत ‘लोझेंज’ जनुकाची मात्रा निर्णायक असते, हे मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. गंधाचा अनुभव, त्याचा मेंदूतील नकाशा आणि त्या नकाशाची जडणघडण अशी ही उलटी वाट आहे. सुटे निबंध मोजणाऱ्याला ती दिसत नाही.

आकड्यांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. ओळखीपाळखीच्या आणि वशिल्याच्या निवडींवर कसलाच लगाम नसण्यापेक्षा आकड्याचा लगाम बरा, असे वाटणारे प्रामाणिक लोक होते आणि आहेत. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने बढत्या निबंधांच्या गुणांशी जोडल्यावर काय झाले याचा पुरावा पुण्यातच तयार झाला. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या नियतकालिकांपैकी 1009 नियतकालिकांची भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केलेली छाननी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली, आणि या वर्गातील 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असावीत असा तिचा निष्कर्ष होता. संपादकांच्या नावांपासून इम्पॅक्ट फॅक्टरपर्यंत खोटी माहिती देणाऱ्यांचा त्यांत मोठा भरणा होता. गुणांसाठी निबंध हवे झाले तसे निबंध छापणारे कारखानेही निघाले, यात नवल ते काय?

रॉड्रिग्ज यांचे 2010 च्या नोव्हेंबरात कर्करोगाने निधन झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका निबंधावर, डझनाहून अधिक लेखकांत, शेवटून दुसरे नाव त्यांचे आहे. एखादा गंध काही दिवस सतत मिळाल्यावर माशी त्याकडे दुर्लक्ष का करू लागते, याचे उत्तर या निबंधाने गंधखंडातील संदेश दाबणाऱ्या स्थानिक चेतापेशींच्या बळावण्यात शोधले. सवय हा शिकण्याचा सर्वांत साधा प्रकार मानला जातो, त्यामुळे 1978 मधील जन्मजात दोषांवरून सुरू झालेला प्रश्न इथे अनुभवाने होणाऱ्या बदलापर्यंत येतो. या नावाला श्रेयाचा वाटा किती द्यायचा हे लेखकांच्या क्रमावरून ठरवता येणार नाही. त्यासाठी समितीला तीन दशकांचे निबंध एकापुढे एक ठेवून वाचावे लागतील, आणि तेवढा वेळ बहुतेक समित्या राखून ठेवत नाहीत.