आधी कोणी मोडायचं

कापसाची पऱ्हाटी बकेटनं उचलता येत नाही. बकेट माती, मुरूम, शेणखत अशा ओतता येणाऱ्या मालासाठी असते. पऱ्हाटीच्या ढिगात ती घातली की ढीग पुढे सरकत राहतो आणि जेवढा आत येतो त्यातला निम्मा उचलताना सांडतो. मोसंबीच्या वाळक्या फांद्या, बांधावरची वेडी बाभूळ, नांगरटीत वर आलेला धोंडा, सगळ्यांची हीच तऱ्हा. त्यांना खालून आधार देऊन भागत नाही, वरूनही दाबून धरावं लागतं. हातानं पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा आपल्या शेतांत आहेच. बुंधा त्याच्या तोंडात धरायचा, दांडा दाबायचा, मूळ सुटतं. ट्रॅक्टरच्या बकेटवर उघडझाप करणारा पंजा बसवणं म्हणजे त्या चिमट्याला तेलाचं बळ देणं.

ही गरज अलीकडे वाढली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं जे नुकसान केलं, त्यानंतर फरदड घेऊ नका, म्हणजे जास्तीच्या वेचणीसाठी पीक लांबवू नका, वेचणी संपली की पऱ्हाटी शेताबाहेर काढा, हा सल्ला गावोगाव पोचला. पूर्वी उन्हाळ्यापर्यंत रेंगाळणारं काम थोड्या दिवसांत उरकायचं, आणि त्याच दिवसांत मजूर मिळत नाहीत. जेसीबी तासावर मिळतो, पण मोसंबीच्या दोन ओळींत तो फिरत नाही आणि त्याच्या वजनानं काळी जमीन दबते. उरतो तो बागेतला छोटा ट्रॅक्टर.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास असा पंजा घरी करणं फारसं अवघड नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने भोवती उभे राहिले. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं पोरं डाय आणि जिग करायला शिकतात. गंगापूर, पैठण, फुलंब्री, खुलताबाद या तालुक्यांतली कित्येक घरं दोन्हीकडे पाय ठेवून आहेत. आठवडाभर प्रेसशॉप, सुटीच्या दिवशी शेत. माझी नोकरीही टूलरूममधलीच. प्लेट कापून देणारा, बुश काढून देणारा, होजला क्रिंपिंग करून देणारा, सगळे ओळखीत. त्यामुळे पंजा कसा करायचा, हा प्रश्न आमच्याकडे लवकर सुटतो. तो किती बळकट करायचा, हा प्रश्न मात्र सुटल्यासारखा वाटतो आणि सुटलेला नसतो.

फॅब्रिकेशनवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं. प्लेट जाड घ्या, सिलिंडर मोठा घ्या. हिशेब वेगळं सांगतो. ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरला, तर ५० मिलिमीटर बोअरचा सिलिंडर सुमारे २,९५० किलोंचा रेटा देतो, ४० मिलिमीटरचा सुमारे १,९००. पंजाच्या बिजागरीपासून रेटा १२ सेंटिमीटरवर लागतो आणि टोक ६० सेंटिमीटरवर असतं, म्हणजे टोकापाशी त्याचा पाचवा हिस्सा पोचतो. लहान सिलिंडरनंही ३८० किलोंची पकड मिळते. पऱ्हाटी आणि फांद्यांना ती पुरेशी आहे. शिवाय ट्रॅक्टरच्या पुढे बकेट उचलणारा लोडर पेलणार जेमतेम ३०० किलो. पंजाच ६० किलोंचा झाला, तर प्रत्येक खेपेत तेवढा माल कमी. जाड प्लेटची किंमत दुकानात एकदा मोजतो आणि शेतात रोज.

वजन जपावं लागतं यामागे ट्रॅक्टरच्या घडणीची गोष्ट आहे. हॅरी फर्ग्युसननं १९३६ मध्ये हायड्रॉलिक उचल आणि तीन सांध्यांची जोडणी असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला. अवजार मागे, आणि त्याचा भार मोठ्या मागच्या चाकांवर. आजच्या लहान ट्रॅक्टरची बैठक तीच आहे. पुढे लोडर लावला की हा हिशेब उलटा होतो. भार पुढच्या नाजूक आसावर येतो आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून मागे रोटाव्हेटर किंवा काँक्रीट भरलेला ड्रम हवाच. पंजा कितीही मजबूत केला तरी पुढचा आस तेवढाच राहतो.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो अडकलेल्या तेलानं. ट्रॉली उचलायला एक पाइप पुरतो, खाली ती स्वतःच्या वजनानं येते. पंजाला दोन पाइप लागतात, कारण तो मिटवायलाही तेल आणि उघडायलाही तेल. लिव्हर मध्यावर आली की दोन्ही वाटा बंद होतात आणि सिलिंडरमधलं तेल कोंडलं जातं. पकड टिकते ती त्यामुळेच. आता मिटलेल्या पंजाचं टोक धोंड्यावर आदळलं आणि ६०० किलोंचा धक्का बसला असं धरा. तरफ इथं उलटी चालते. टोकावरचे ६०० त्या ४० मिलिमीटरच्या सिलिंडरवर ३,००० होतात आणि आतला दाब २४० च्या आसपास जातो. जास्तीचा दाब सोडून देणारा ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह १५० ला उघडतो खरा, पण तो बंद वाटेच्या पलीकडे, पंपाच्या बाजूला असतो. त्याला या धक्क्याचा पत्ताच लागत नाही. मग होज फुटते, रॉड वाकतो, नाहीतर बकेटचा पत्रा फाटतो.

उपाय म्हणजे सिलिंडरजवळच एक छोटा रिलीफ व्हॉल्व्ह. आणि होज फुटली तर पकडलेला ओंडका सुटू नये म्हणून चेक व्हॉल्व्हही. चेकचं काम धरून ठेवणं, रिलीफचं वेळेला सोडणं. दोघांची जागा चुकली तर एक दुसऱ्याला निकामी करतो. चेक व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्या मधे रिलीफ असेल, तरच कोंडलेल्या तेलाला वाट मिळते.

इथून पुढे सगळ्या रचनेकडे मी एकाच प्रश्नानं पाहू लागलो. जोर अती झाला तर आधी कोणी मोडायचं? बुश काढून देणाऱ्या लेथवाल्या चाचांनी तो त्यांच्या पद्धतीनं सोडवला. बकेटच्या कानांत पंजा धरणारी पिन मी कडक पोलादाची मागत होतो. ते म्हणाले, "पिन नरम रखो, साब. पिन गई तो मैं दे दूंगा, कान गया तो बकेट लाना पडेंगा." त्यांच्या बोलण्यातून क्रम लागला. आधी व्हॉल्व्हनं वाट द्यावी, कारण त्यात काहीच मोडत नाही. मग पंजाची बोल्टवर बसवलेली टोकं वाकावीत. मग पिन. बकेटवरचा कान त्यानंतर, आणि ट्रॅक्टरचा आस कधीच नाही. म्हणून कान पातळ पत्र्यावर थेट वेल्ड केले नाहीत. आधी बकेटच्या वरच्या काठाला आडवा चौकोनी पाइप, त्यावर कान, म्हणजे ओढ रुंदीभर पसरते.

हायड्रॉलिक यंत्रांचा इतिहासही अशाच एका कमजोर जागेपाशी सुरू होतो. लंडनच्या जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. जोर देणं त्याला जमलं होतं, गळती थांबवणं अवघड होतं. दाब वाढेल तसं आपोआप अधिक घट्ट बसणारं चामड्याचं सील वापरलं, तेव्हा प्रेस कामाची झाली. त्याचं श्रेय हेन्री मॉड्सले या त्याच्या कारागिराला दिलं जातं. आज दुकानात पुडीत मिळणाऱ्या सील किटमागे तेच तत्त्व आहे.

गळतीची एक गोष्ट मात्र मोडतोडीच्या हिशेबात बसत नाही. होजला सुईएवढं भोक पडलं तर तेलाची धार दिसतही नाही, पण ती कातडीत शिरते. जखम टोचल्याएवढी दिसते, आत मात्र तेल पसरत जातं आणि तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते. गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठा फिरवून पाहायची. होज सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर हलवून दाब घालवायचा.

कारखान्यातून येणाऱ्या यंत्रात हा क्रम कोणीतरी आधीच लावलेला असतो, आपण तो न पाहता वापरतो. घरी केलेल्या यंत्रात तो करणाऱ्यानंच लावायचा असतो, आणि त्यानं लावला नाही तर तो आपोआप लागतो, बहुतेक वेळा उलटा. करणारा आणि चालवणारा एकच असतो असंही नाही. माझ्या पंजावर बहुतेक दिवस सालदार बसतो. कोणत्या आवाजाला थांबायचं, हे करणाऱ्याच्या कानाला कळतं, सालदाराच्या कानाला कळेलच असं नाही. आपल्याकडे जुगाडाचं कौतुक होतं ते कमी पैशात काम झालं म्हणून. मला वाटतं, ते पारखायची खरी कसोटी दुसरी आहे. करणारा शेतात नसताना ते बिघडलं, तर नुकसान पिनेवर थांबतं की माणसापर्यंत जातं? हे ठरवायला जाड प्लेट लागत नाही. प्लेट कापायला टाकण्याआधी एका कागदावर मोडण्याचा क्रम लिहावा लागतो, आणि त्या यादीत चालवणाऱ्याचं नाव कुठंही येणार नाही, याची खात्री करावी लागते.