विकलेले दान

मदतनिधीसाठी विणलेली वस्तू विकली गेली तर ते दान की व्यापार? एखाद्या रुग्णालयासाठी, वसतिगृहासाठी किंवा पूरग्रस्तांसाठी बायका महिनोन्‌महिने स्वेटर, टोपडी, मोजे, क्रोशाचे रुमाल विणतात. त्यांची विक्री होते आणि जमलेली रक्कम कामाला लागते. यात विणणारीने पैसा दिलेला नसतो. विकत घेणाऱ्याला पैशाच्या बदल्यात वस्तू मिळालेली असते. ज्याच्यापर्यंत मदत पोचते त्याने ती वस्तू पाहिलेलीही नसते. मग या तिघांत दाता कोण?

धर्मशास्त्राने दानाची व्याख्या काटेकोर केली आहे. वस्तूवरचे आपले स्वामित्व सोडायचे आणि ते दुसऱ्याच्या ठिकाणी निर्माण करायचे, हे दोन्ही घडले तरच ते दान. स्मृतिकार देवलाच्या नावावरचे वचन दानाची सहा अंगे सांगते: दाता, घेणारा, श्रद्धा, धर्माने मिळवलेली वस्तू, देश आणि काल. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 13 व्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’त दानखंड नावाचा स्वतंत्र भागच रचला. या सगळ्या विचारात डोळ्यांसमोर आहेत त्या गाय, भूमी, सोने, धान्य अशा वस्तू. विणकामाला हे माप लावले की अडचण येते, कारण लोकर पुष्कळदा संस्थाच पुरवते. विणणारीच्या मालकीचे त्यात उरतात ते फक्त तिचे श्रम.

हे श्रम जवळून पाहावेत असे आहेत. तान्ह्या बाळाच्या साध्या टोपड्याला सुईवर 80 टाके घातले आणि 50 ओळी विणल्या, तर 4,000 टाके होतात. प्रत्येक टाका सुईवरून वेगळा उतरतो. एखादा निसटला तर ओळीमागून ओळ खाली उसवत जातो. तो क्रोशाच्या सुईने उचलून पायरी-पायरीने वर आणावा लागतो, नाहीतर तेवढा भाग उसवून पुन्हा विणावा लागतो. गाय दिली की गोठ्यातली जागा रिकामी होते. श्रम दिले की आयुष्यातले तेवढे तास जातात, आणि ते परत मिळवता येत नाहीत. स्वामित्व सोडण्याची अट इथे इतर कोणत्याही दानाइतकीच, किंबहुना जास्तच पुरी होते.

श्रम हेच देणे, हा विचार विसाव्या शतकात गांधीजींनी रुजवला. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला त्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. तिथे सभासदाची वर्गणी पैशांऐवजी महिन्याला 2,000 वार सूत अशी ठरली. मात्र ज्याला कातायचे नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत द्यावे, अशी सवलतही होती, आणि तत्त्वाच्या दृष्टीने ठरावाची कमजोर बाजू तीच. दुसऱ्याचे तास आपल्या नावावर देता येत असतील तर सूत पुन्हा पैशासारखेच झाले. 1925 मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी चरख्यावर वेगळा आक्षेप घेतला: सर्वांनी तेच ते काम यंत्रवत करत राहिले तर मन बोथट होते. आक्षेप वजनदार आहे. पण तो सक्तीच्या आणि एकसाची कामाला लागतो. आपण निवडलेला नमुना, आपल्या हाताची ओढ आणि आपणच ठरवलेला रंग यांना तो लागत नाही. पुढे विनोबांनी सुरू केलेल्या सूतांजलीत स्वतः कातलेल्या सुताची गुंडी अर्पण करायची होती. तिथे दुसऱ्याच्या हाताला जागा नव्हती, आणि ते योग्यच होते.

तरी खरा पेच श्रमांचा नाही, मायेचा आहे. हाताने केलेली वस्तू बहुधा कोणासाठी तरी केलेली असते. भाच्यासाठी विणलेल्या स्वेटरमध्ये विणताना भाचाच डोळ्यांसमोर असतो. मदतनिधीच्या वस्तूला असा चेहरा नसतो. या प्रश्नाला मज्झिमनिकायातल्या दक्खिणाविभंगसुत्ताइतका थेट हात दुसरीकडे क्वचितच घातला गेला असेल. महाप्रजापती गौतमी ही बुद्धांची मावशी. आई गेल्यावर तिनेच त्यांना अंगावर पाजून वाढवले. तिने खास त्यांच्यासाठी स्वतः सूत कातून, स्वतः विणून वस्त्रांची जोडी आणली. बुद्धांनी ती घेतली नाही. भिक्षूंच्या संघाला दे, म्हणाले. तिने तीनदा विनवले, तिन्ही वेळा उत्तर तेच आले. मग बुद्धांचा शिष्य आनंद याने तिची बाजू मांडली. त्यावर बुद्धांनी व्यक्तीला दिलेल्या दानाचे 14 आणि संघाला दिलेल्या दानाचे 7 प्रकार सांगितले, आणि संघाला दिलेले दान श्रेष्ठ ठरवले. म्हाताऱ्या मावशीला हे ऐकताना काय वाटले असेल, हे सुत्त सांगत नाही. पण त्या नकाराने तिची माया नाकारली गेली नाही. एका माणसाभोवती गुंडाळलेला धागा सोडवून तो अनेकांकडे नेला गेला. मदतनिधीसाठी विणणारी स्त्री हेच आपणहून करते.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत याचीच दुसरी बाजू दिसते. याफो इथली दुर्कस नावाची स्त्री मरण पावते तेव्हा विधवा रडत रडत तिने करून दिलेले कपडे प्रेषित पेत्राला दाखवतात. तिथे विक्री नाही. वस्तू थेट गरजवंताच्या अंगावर आहे. म्हणून ती अंगाला येणारी, उपयोगी असावी लागली. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातले देश, काल आणि पात्र पाहून दिलेले सात्त्विक दान ते हेच. नुसत्या हौसेने विणलेल्या वस्तूत पात्राचा विचार सुटू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटावर 2001 मध्ये तेलगळतीत 438 पेंग्विन माखले. त्यांनी चोचीने ते विषारी तेल गिळू नये म्हणून त्यांना लोकरीचे छोटे स्वेटर घालत. पुढे जगभरातून गरजेपेक्षा कितीतरी जास्त स्वेटर येऊ लागले. जादाचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून ती खेळणी निधीसाठी विकली गेली. जी वस्तू थेट उपयोगी पडली नसती तिला विक्रीने पात्र मिळवून दिले.

राहिला किमतीचा प्रश्न. समजा, बाजारात 250 रुपयांना मिळणारे टोपडे आहे आणि संस्थेची 70 रुपयांची लोकर त्यात गेली आहे. घेणाऱ्याने 250 दिले तर त्याचा व्यवहार फिटला. 180 रुपयांचे दान संपूर्णपणे विणणारीचे. त्याने 400 दिले तर वरचे 150 त्याचे. घासाघीस करून 100 ला नेले, तर विणणारीच्या दानातले 150 रुपये त्याच्याच खिशात गेले. नुकसान तिथेच थांबत नाही. मारिया मीस या संशोधिकेने 1982 मध्ये आंध्रातल्या नर्सापूरच्या क्रोशा विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले. दिवसाचे सहा-आठ तास विणूनही त्यांचे काम ‘घरबसल्या फावल्या वेळचे’ समजले जाई आणि मजुरी नाममात्र मिळे, हे त्यातून पुढे आले. धर्मकार्याच्या नावाने स्वस्तात विकलेले विणकाम हाच समज पक्का करते, आणि त्याचा फटका पोटासाठी विणणारीला बसतो. म्हणून अशा विक्रीत प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर लोकरीचा खर्च आणि विणायला लागलेले तास, दोन्ही लिहावेत.