टँजिअरची खिडकी

परक्या मुलखात जाऊन तिथली माणसे रंगविण्याचा अधिकार चित्रकाराला कोणी दिला? प्रश्न जुना आहे. आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराची मोरोक्कोतली चित्रे पाहताना तो मला नव्याने पडतो.

१९१२ च्या जानेवारीअखेर मातीस टँजिअरला पोचला. पावसाने झड धरली होती. म्हणून हॉटेलच्या खोलीत बसूनच त्याने काम सुरू केले. पुढे ऊन पडले आणि रंगांना उजाळा मिळाला. त्याच मुक्कामात, ३० मार्च १९१२ रोजी, फेझ येथे सुलतानाने करारावर सही केली आणि मोरोक्को फ्रान्सच्या ‘संरक्षणाखाली’, म्हणजे सत्तेखाली गेला. एप्रिलमध्ये फेझला उठाव झाला. या उलथापालथीचा मागमूस चित्रांत नाही. तिथे आहे ती निळीहिरवी शांतता.

‘मोरोक्कन कॅफे’ हे चित्र घ्या. सहा माणसे निवांत बसली आहेत. पुढ्यात काचेच्या भांड्यात मासे. पण एकाच्याही चेहऱ्यावर नाक-डोळे नाहीत. आधी तिथे जोड्यांची रांग होती, हुक्का होता. तो तपशील पुढे पुसला गेला, असे त्याचा मित्र मार्सेल सांबा याने १९१३ साली लिहून ठेवले आहे. चित्र मॉस्कोच्या सर्गेई श्चुकिन या व्यापाऱ्याच्या घरी गेले.

एवढ्यावरून मातीसला दोष द्यावा का? कलावंत म्हणजे वार्ताहर नव्हे. शिवाय १९१० च्या ‘नृत्य’ या चित्रातही त्याने शरीरे आणि चेहरे मोजक्या रेषांत उभे केले होते. गाळणे ही त्याची रीतच होती. त्यात तुच्छता नव्हती. तरीही गाळलेला चेहरा जित माणसाचा आणि कुंचला जेत्या देशाचा असेल, तेव्हा ती रीत निर्दोष राहते का?

याचे उत्तर मला त्याच्याच दुसऱ्या चित्रात सापडते. खिडकीतून दिसणाऱ्या टँजिअरच्या त्या चित्रात शहर आहे, इंग्रजी चर्च आहे. पण अलीकडे खिडकीची चौकट आणि फुलांची भांडीही आहेत. ‘मी इथून पाहतो आहे,’ असे ते चित्र उघड सांगते. कॅफेच्या चित्रात ही चौकट नाही. म्हणून तिथली शांतता बसलेल्यांची की पाहणाऱ्याची, हे कळत नाही.

परक्याकडे पाहूच नये म्हटले, तर ओळखच खुंटेल. पाहावे, मात्र आपण कुठे उभे राहून पाहतो, ते लपवू नये. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे अधिक जवळचे आहे. शेजारची भाषा वर्षानुवर्षे आपल्या कानांवर पडते. त्यांचे सण, पोशाख, पदार्थ ठाऊक असतात. माणूस ठाऊक असतो का? शेजाऱ्यावर निबंध लिहायला सांगितला, की माझे विद्यार्थी त्याचे कपडे आणि जेवण झकास लिहितात. त्याला कशाचे दुःख होते, हे क्वचितच. ते लिहायचे तर खिडकीतून उठून त्याच्या दारी जावे लागते, आणि त्याच्या भाषेत विचारावे लागते.