ज्याने सर्व सोडले, त्याची मूर्ती 'माझी' कशी?

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथील अनेक दिवाणखान्यांत ध्यानस्थ भिक्खूची मूर्ती शोभेसाठी ठेवलेली दिसते. ती जुनी, दगडात कोरलेली चिनी मूर्ती असेल तर किती वर्षांपूर्वीची, कितीला मिळाली, हे कौतुकाने सांगितले जाते. ती कोणाची, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

अशा कितीतरी मूर्ती अर्हतांच्या असतात. अर्हत म्हणजे ज्याच्या मनातील लोभ, द्वेष आणि मोह संपले आहेत असा साधक. चिनी भाषेत त्यांना 'लोहान' म्हणतात. पण परंपरेने ते भारतातले, बुद्धांचे शिष्य. महाराष्ट्रातही येऊन गेलेल्या ह्युएन त्संगने मायदेशी परतल्यावर इ. स. ६५४ मध्ये सोळा अर्हतांविषयीच्या ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. पुढे तेथे अठरा अर्हत मानले जाऊ लागले. हांगचौजवळच्या डोंगरात ते कोरले गेले, आणि फूच्येन प्रांतातील मऊ शौशान दगडात त्यांच्या हातात मावतील एवढ्या मूर्तीही घडल्या.

त्या अर्हतांपैकी एक चूळपंथक. चार महिन्यांत एक गाथाही त्याला पाठ होईना. थोरल्या भावानेच त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तेव्हा बुद्धांनी त्याला स्वच्छ वस्त्राचा एक तुकडा दिला आणि तो हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता शुभ्र कापड मळले. स्वच्छ असलेले वस्त्र आपल्याच स्पर्शाने मळले, हे पाहून त्याला मनाचा मळ कळला आणि तो अर्हत झाला.

अशी मूर्ती घरी असणे हा दोष आहे का? नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ती कोठून, कशी आली, हे घेण्यापूर्वी विचारणे हेही आपले कर्तव्यच. पण कायदा ताबा पाहतो. भाव आपल्यालाच पाहावा लागतो. जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात ऑरेल स्टाइनने तुनहुआंगहून आणलेली रेशमावरील बौद्ध चित्रे आहेत. कोणीतरी श्रद्धेने अर्पण केलेली ती चित्रे किती हातांतून येथवर आली! घरातली मूर्तीही अशीच काही काळ आपल्याकडे आलेली असते. आपण तिचे विश्वस्त आहोत, मालक नाही.

म्हणून मूर्तीवरची धूळ पुसताना चूळपंथकाचे वस्त्र आठवावे. पाहुण्याला तिची किंमत सांगण्याऐवजी त्याची ही गोष्ट सांगावी. 'माझी मूर्ती' म्हणताना मनावर कोणता मळ बसतो, तेही त्याच वेळी शांतपणे पाहावे.