कैचीचा सांधा



1865 साली बासेल मिशनच्या प्लेब्स्ट साहेबांनी मंगळुरास जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढिला. तशा मंगळुरी कौलांचे छप्पर आपण पुष्कळ घरांवर पाहतो. एक कौल सुमारे अडीच किलोचे, आणि चौरस मीटरास सुमारे 15 कौले लागतात. पावसात भिजून ती अधिकच जड होतात. हा सर्व भार पोलादी कैची भिंतींवर उतरविते.

चौकोन रेटला असता कलतो. त्रिकोण मात्र, त्याच्या बाजू अभंग आहेत तोवर, आपला आकार सोडीत नाही. म्हणून कैची त्रिकोणांची करितात. परंतु एक सांधा सुटला, तर भक्कम दांडेही निरुपयोगी ठरतात.

मंडळीचेही असेच आहे. कोनशिला ख्रिस्त आहे. पाया ढळणार नाही. परंतु बांधाच्या तंट्यावरून दोन घरे एकमेकांशी बोलत नसतील, तर तो सांधा सैल आहे. अशा एका तंट्यात, आमचा काय संबंध, असे म्हणून आम्ही मौन धरिले. ती आमची चूक आम्ही कबूल करितो. कैचीत एका दांड्याचा भार दुसऱ्यावर येतोच.

मृगापूर्वी आपण गंजलेला बोल्ट बदलितो. तसेच पुढील प्रभुभोजनापूर्वी आपण त्या भावाच्या दारी जाऊ या.